व्युत्पत्तीतून शब्दओळख

शब्द कुठून आला आणि आज तो कोणत्या बोलण्यात येतो, अशा दोन्ही अंगांनी शब्दसंग्रह वाढवण्याची पद्धत. व्युत्पत्तीमुळे शब्द ध्यानात राहतो. अर्थ मात्र वापर ठरवतो. मुंबईत या पद्धतीसाठी उदाहरणे शोधावी लागत नाहीत, ती गाडीवर तळली जातात.

वडापावातला ‘वडा’ संस्कृत ‘वटक’पासून आला. ‘बटाटा’ पोर्तुगीजांकडून मिळाला, पण त्यांनीही तो कॅरिबियन बेटांवरून उचलला होता आणि तेथे तो रताळ्याचे नाव होता. ‘पाव’ही पोर्तुगीजच. पायांनी पीठ तुडवत म्हणून पाव, ही गोष्ट अजून सांगितली जाते. ती रंजक आहे, खरी नाही. सोबतच्या तळलेल्या मिरचीची कथा उलटी : झाड अमेरिकेतून आले, नाव मात्र इथलेच. संस्कृत ‘मरिच’ म्हणजे मिरे. तिखटपणाच्या साम्यामुळे मिऱ्यांचे नाव नव्या फळाला चिकटले. एका घासात चार शब्दांचे हे प्रवास एकदा ऐकले की विसरत नाहीत.

वसईच्या तहाने १५३४ मध्ये मुंबईची बेटे पोर्तुगीजांकडे गेली आणि १६६१ च्या विवाहकरारातून ती इंग्रजांना आंदण मिळाली. सत्ता गेली; चावी, घमेले, परात, इस्त्री, लिलाव, तुरुंग हे शब्द राहिले.

संस्कृतातून प्राकृतमार्गे आलेल्या तद्भव शब्दांत एक नियम हाती लागतो. हस्त–हत्थ–हात, कर्ण–कण्ण–कान, सप्त–सत्त–सात, दुग्ध–दुद्ध–दूध : जोडाक्षराचे आधी द्वित्त होते, मग एकच व्यंजन उरते आणि मागचा स्वर दीर्घ होतो. हा नियम कळलेला विद्यार्थी ‘कर्म’वरून ‘काम’ स्वतःच काढतो. पाठांतरापेक्षा हे कितीतरी सरस.

पण मूळ म्हणजे अर्थ नव्हे. फारसीत ‘हफ्त’ म्हणजे सात. हा संस्कृत ‘सप्त’चा सगा. त्यावरून ‘हप्ता’ म्हणजे सात दिवस, मग ठरावीक मुदतीने भरायचे पैसे. आज घरकर्जाचा हप्ता महिन्याला जातो, त्यात सात कुठेच उरलेले नाहीत. आणि गल्लीतला दादा ‘हप्ता’ मागतो तेव्हा तर बँकेचाही संबंध नसतो. (सात दिवसांना मराठी माणूस आठवडा म्हणतो आणि त्यात आठ दडले आहेत, हा गोंधळ वेगळा.)

हिंदी घरातून आलेल्या मुलांना हा फरक फार जाणवतो. महाराष्ट्रात शाळांमध्ये मराठी अनिवार्य करणारा कायदा २०२० मध्ये झाला, तेव्हापासून असे विद्यार्थी जवळपास प्रत्येक वर्गात असतात. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. तिकडे ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, इकडे थट्टा. तिकडे ‘संसार’ म्हणजे जग, इकडे भांडीकुंडी आणि मुलेबाळे. तिन्ही शब्द संस्कृतच, म्हणून मूळ सांगून इथे भागत नाही. ‘बाईंनी शिक्षा केली’ हे वाक्य एकदा कानावर पडले की काम होते.

संदर्भासाठी मोल्सवर्थ यांचा मराठी–इंग्रजी कोश (पहिली आवृत्ती १८३१) आणि कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ (१९४६) जवळ असावेत. कानाला पटणारी प्रत्येक व्युत्पत्ती टिकत नाही. शहराचे जुने इंग्रजी नाव पोर्तुगीज ‘बों बाइया’, म्हणजे चांगला उपसागर, यावरून पडले असे अनेक जण सांगतात. पण पोर्तुगीजमध्ये ‘बाइया’ हा शब्द स्त्रीलिंगी आहे. त्याला विशेषण ‘बोआ’ लागते, ‘बों’ नव्हे. मुंबादेवीच्या नावापुढे ‘आई’ जोडली की ‘मुंबई’ सरळ उभी राहते, आणि कोळीवाड्यात ती तशीच म्हटली जात आली.