शिष्यवृत्ती निधीला देणगी: ८०जीची वजावट मिळवताना पावतीवर थांबू नका

गरजू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देणाऱ्या ट्रस्टला दिलेल्या देणगीवर आयकराच्या कलम ८०जीखाली वजावट मिळते, पण जुनी करप्रणाली निवडली असेल तरच. काहीच निवडले नाही तर नवी प्रणाली लागू होते आणि ही वजावट हातची जाते. इथली माहिती आर्थिक वर्ष २०२५-२६ मधल्या देणग्यांची आहे. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाल्यामुळे त्यापुढे कलमांचे क्रमांक बदलतात.

देणगीच्या तारखेला ट्रस्टची ८०जी मंजुरी चालू असली पाहिजे. तात्पुरती मंजुरी तीन वर्षांची, नियमित पाच वर्षांची. मंजुरीच्या आदेशाची (फॉर्म १०एसी किंवा १०एडी) प्रत मागा आणि त्यावरची मुदत स्वतः वाचा. शाळेने प्रवेशासाठी घेतलेले ‘डोनेशन’ ही देणगी नव्हे, पावतीवर ८०जी छापलेले असले तरी.

पैसे चेकने, यूपीआयने किंवा बँकेतून द्या. रोख २,००० रुपयांपर्यंतच चालते. ५,००० रोख दिले तर त्यातले २,००० सुद्धा धरत नाहीत. वह्या-दप्तरे दिली तर मुलांच्या कामी येतात, पण वजावट मिळत नाही.

अशा ट्रस्टना सहसा ५० टक्के वजावट असते आणि तीही मर्यादेत. समजा, सकल उत्पन्न ८,००,००० आणि ८०सीची (पीपीएफ, विमा यांसारख्या बचतीची) वजावट १,५०,००० आहे. उरलेल्या ६,५०,००० चे १० टक्के म्हणजे ६५,००० पर्यंतचीच देणगी हिशेबात येते. २०,००० दिलेत तर वजावट १०,००० आणि २० टक्क्यांच्या टप्प्यात, सेससह, कर वाचतो २,०८० रुपये. देणगीएवढा कर माफ होतो हा समज चुकीचा आहे.

खरी अडचण पुढेच येते. नुसत्या पावतीवर वजावट टिकत नाही. ट्रस्टने ३१ मेपर्यंत आयकर विभागाकडे देणग्यांचे विवरण, म्हणजे फॉर्म १०बीडी, भरून तुम्हाला फॉर्म १०बीई हे प्रमाणपत्र द्यायचे असते. त्यावरचा एआरएन (पोच) क्रमांक रिटर्नच्या ८०जी तक्त्यात ट्रस्टच्या पॅनसह टाकावा लागतो. त्यासाठी देणगी देतानाच स्वतःचा पॅन लेखी द्या. पत्नीच्या खात्यातून पैसे गेले आणि पॅन पतीचा दिला, की घोळ झालाच.

१०बीई हाती येताच पॅन, रक्कम आणि देणगीचा प्रकार तपासा. यातले काही चुकीचे नोंदले गेले असेल, तर दुरुस्ती तुम्हाला करता येत नाही. ट्रस्टलाच सुधारित १०बीडी भरावा लागतो. म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यातच मागे लागा, रिटर्नच्या शेवटच्या दिवसांत नको.