एजंट बटण दाबत नाही, तो नुसतं लिहितो

एआय एजंट तुमचं तिकीट काढणार, मेल पाठवणार, बिलं भरणार असा मेसेज ग्रुपवर आला की कुणीतरी विचारतंच, "म्हणजे हा आपल्या फोनमध्ये शिरून बटणं दाबतो का?" काही एजंट स्क्रीनचा फोटो बघून क्लिक करतात हे खरं, पण बरीचशी कामं तशी होत नाहीत, आणि जशी होतात ते जास्त मजेशीर आहे.

एजंटच्या आत जे लँग्वेज मॉडेल असतं, त्याला मुळात एकच गोष्ट येते, आधीचा मजकूर बघून पुढचा तुकडा म्हणजे टोकन लिहिणं. मग प्रोग्रामर काय करतो, तुमच्या प्रश्नासोबत टूल्सची (गाडी शोधणं, मेल पाठवणं असं एकेक काम करणाऱ्या छोट्या प्रोग्रामांची) यादी त्याच्यापुढे ठेवतो: टूलचं नाव, चार ओळींचं वर्णन आणि काय काय भरायचं त्याचा साचा (याला जेसन स्कीमा म्हणतात). मॉडेल उत्तरात लिहितं, "गाडी_शोधा, कुठून अमुक, कुठे तमुक, तारीख ही". झालं, त्याचं काम संपलं. टूल चालवतो तो बाहेरचा साधा प्रोग्राम, आणि आलेला निकाल पुन्हा मजकूर म्हणून मॉडेलला वाचायला देतो. ओपनएआयने हे जून २०२३ मध्ये फंक्शन कॉलिंग या नावाने आणलं, आणि अँथ्रोपिक या एआय कंपनीच्या एमसीपीमुळे (टूल्स जोडायची सामाईक पद्धत, नोव्हेंबर २०२४) एकच टूल वेगवेगळ्या एजंटना जोडता यायला लागलं.

आता गंमत अशी की टूलच्या आतला कोड मॉडेलला सहसा दिसतच नाही. दिसतं ते वर्णन. कार्यक्रमाच्या हॉलमध्ये एकसारख्या बटणांचा बोर्ड असतो ना, पंखा कुठला नि लाइट कुठला काही लिहिलेलं नसतं, तसं अर्धवट वर्णन दिलं की मॉडेलही चाचपडतं.

समजा वर्णन एवढंच आहे: "गाड्यांची माहिती देतं", आणि रकाने दोन स्टेशनं आणि तारीख. तुम्ही म्हणालात, दादरहून पुण्याला जायचंय. टूलला हवाय स्टेशन कोड, आणि दादरचे कोड दोन, मध्य रेल्वेचा डीआर आणि पश्चिमचा डीडीआर. तारीख तर तुम्ही सांगितलेलीच नाही.

इथे आतमध्ये काय होतं ते मला फार आवडतं, जरा धीर धरा. प्रत्येक पायरीला मॉडेल त्याच्या शब्दसंग्रहातल्या सगळ्या टोकनांना गुण देतं, हजारो टोकनांना. बऱ्याच सिस्टिममध्ये मग एक चाळणी लागते, साच्यात न बसणाऱ्या टोकनांची शक्यता थेट शून्य, आणि उरलेल्यांमध्ये शंभर टक्के पुन्हा वाटून टाकायचे. त्यामुळे कंस चुकत नाही, रकाना सुटत नाही, आकार दरवेळी बरोब्बर येतो. पण उरलेली सगळीच टोकनं चुकीची असली तरी त्यातलं एक निवडावंच लागतं! तारखेचा रकाना सक्तीचा असेल आणि तारीख माहीत नसेल तर मॉडेल बिनदिक्कत एखादी तारीख ठोकून देतं, कारण एकदा कॉल (म्हणजे टूल मागवणारी ओळ) लिहायला घेतला की "माहीत नाही" लिहायला त्या साच्यात जागाच नाही. चाळणी आकार सांभाळते, अर्थ नाही. अर्थाकडे गुण झुकवायचं काम वर्णनाचं, कारण पुढचं टोकन ठरताना आधीचा सगळा मजकूर हिशोबात धरला जातो आणि वर्णन त्याच मजकुरात असतं.

म्हणून वर्णन असं हवं: "दोन स्टेशनांमधल्या गाड्या शोधतं, तिकीट काढत नाही. नाव नको, कोड द्या. दादर मध्य रेल्वे असेल तर डीआर, पश्चिम असेल तर डीडीआर. तारीख वर्ष-महिना-दिवस, उदा. २०२६-०६-०५. तारीख सांगितली नसेल तर हे टूल वापरू नका, आधी विचारा." 'तिकीट काढत नाही' हे मुद्दाम, कारण शेजारी बुकिंगचं टूल असलं की दोघांची गल्लत होते आणि तिथे पैसे जातात.

याउलट "तू जगातला सर्वात हुशार ट्रॅव्हल एजंट आहेस" असले मंत्र शिकवणारे कोर्स विकले जातायत. विका बापडे, पण मंत्र म्हणून स्टेशन कोड उगवत नाही.

अँथ्रोपिकने डिसेंबर २०२४ मध्ये लिहिलं होतं की कोडिंग एजंट बनवताना मुख्य प्रॉम्प्टपेक्षा (मॉडेलला दिलेल्या एकूण सूचनांपेक्षा) त्यांचा जास्त वेळ टूल्स नीट करण्यात गेला. त्यांचा एजंट दुसऱ्या फोल्डरमध्ये गेला की फाइलचा अर्धा पत्ता देऊन चुकायचा, मग त्यांनी टूलच असं बदललं की पूर्ण पत्ताच द्यायला लागेल, आणि ती चूक बंद झाली. मॉडेलला रागावण्यापेक्षा चुकायची वाटच बुजवली.

एरर मेसेजचंही हेच, आणि तिकडे फारसं कुणी बघत नाही. "एरर ४००" (म्हणजे पाठवलेलं काहीतरी चुकलंय) एवढंच परत आलं तर मॉडेल बऱ्याचदा तोच कॉल पुन्हा करत बसतं. तेच "दादर हा कोड नाही, डीआर किंवा डीडीआर द्या" असं आलं, तर मुंबईहून पुण्याच्या गाड्या मध्यवरून जातात एवढं त्याला सहसा माहीत असतं, ते डीआर लिहून मोकळं होतं.