शब्द ओळखीचा वाटतो, पण आठवत नाही

इंग्रजी शब्दांची यादी दहा वेळा वाचली की ती पाठ होते, हा समज फार पक्का आहे. दहाव्या वाचनाला प्रत्येक शब्द ओळखीचा वाटतो, आणि आठवड्यानं लिहायला बसलं की नेमका हवा तो सुचत नाही. मग दोष स्मरणशक्तीवर जातो. खरं तर छापलेला शब्द ओळखणं आणि तो शून्यातून आठवून काढणं ही वेगवेगळी कामं आहेत. वाचून पहिल्याचाच सराव होतो.

हे मोजलं गेलंय. जेफ्री कार्पिकी आणि हेन्री रोडिगर यांनी २००८ साली 'सायन्स'मध्ये छापलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना स्वाहिली-इंग्रजी शब्दांच्या ४० जोड्या दिल्या. जोडी एकदा बरोबर आठवली की एका गटात ती पुन्हा वाचायला मिळे, पण तिची चाचणी बंद होई. दुसऱ्या एकात उलट: वाचन बंद, चाचणी चालू. आठवड्यानंतर चाचणी चालू असलेल्यांना सुमारे ८० टक्के जोड्या आठवल्या. वाचन चालू ठेवून चाचणी थांबवलेल्यांना जेमतेम ३६ टक्के. गंमत म्हणजे, आपल्याला किती आठवेल हा विद्यार्थ्यांचा आधीचा अंदाज सगळ्या गटांत साधारण निम्म्याचाच होता. कुठली पद्धत कामाची, हे शिकणाऱ्याला आतून कळतच नाही.

असं का होतं? आठवायचा प्रयत्न करताना मेंदू अर्धवट खुणांवरून शोध घेतो: 'म' ने सुरू होतो, उच्चाराचे तीन तुकडे आहेत, धोक्याशी काहीतरी संबंध आहे. चुकीचे उमेदवार बाजूला सारत 'मिटिगेट' (तीव्रता कमी करणे) सापडला की ती वाट पुढच्या वेळी थोडी सोपी होते. उत्तर समोरच असेल तर शोध होत नाही, वाट पडत नाही. थोडं विसरल्यावर आठवणं जास्त उपयोगी ठरतं तेही याचमुळे. लगेच आठवलेला शब्द शोधावा लागतच नाही.

म्हणून शब्द पाठ करायला कार्डं केलीत, तर कार्डाच्या पुढच्या बाजूला शब्द नको, गाळलेली जागा असलेलं इंग्रजी वाक्य हवं: बांधामुळे पुराचं नुकसान ____ झालं, अशा अर्थाचं. मागे शब्द, 'तीव्रता कमी करणे' हा अर्थ, आणि त्याच्याबरोबर येणारी नामं: धोका, नुकसान, परिणाम. उत्तर मोठ्यानं म्हणून मगच कार्ड उलटायचं. मनातल्या मनात 'येतंय' म्हणून उलटलं, तर ते पुन्हा वाचनच झालं.

कार्डांसाठी पाच कप्पे: १, २, ४, ८ आणि १६ दिवसांचे, म्हणजे त्यातलं कार्ड तितक्या दिवसांनी काढायचं. बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की पहिल्यात. एका शब्दाच्या किमान पाच फेऱ्या होतात आणि त्यांना ३१ दिवस लागतात. रोज १० नवे शब्द घेतले तर महिनाभरात रोजची ५० कार्डं साचतात. दहा सेकंदांच्या हिशेबानं आठेक मिनिटं. 'रोज ५० शब्द शिका' म्हणणारे पुढचा गुणाकार सांगत नाहीत: रोज २५० कार्डं, चाळीस मिनिटं, शिवाय चुकलेली वेगळी. आणि झोपेत शब्द ऐकवणाऱ्या ध्वनिफिती? झोप शिकलेलं पक्कं करते, पण आधी शिकावं जागेपणीच लागतं.

वर्णानुक्रमे यादी घेऊ नये. 'मिटिगेट' आणि 'मिलिटेट' एकाच दिवशी शिकलात तर दोघांच्या खुणा एकमेकांत मिसळतात. 'मिटिगेट अगेन्स्ट' ही चूक तिथूनच येते. 'अगेन्स्ट' लागतं ते 'मिलिटेट'ला, म्हणजे विरोधात जाणं. पहिला शब्द चौथ्या कप्प्यात पोचल्यावरच दुसरा काढावा. 'एनर्वेट'सारखा फसवा शब्द मात्र पहिल्या दिवसापासून वाक्यातच हवा. ऐकायला तो उत्साह भरणारा वाटतो, अर्थ आहे गळाठून टाकणे. नुसत्या अर्थाच्या कार्डावर कान जिंकतो. उकाड्यानं थकलेल्या माणसाचं वाक्य असेल तर चुकायला जागा उरत नाही.