स्नोबर्डांचं दक्षिणायन: हिवाळी मुक्कामाचा नकाशा कसा ठरला

नोव्हेंबर लागला की अमेरिकेतल्या मिनेसोटा, मिशिगन आणि कॅनडातल्या आल्बर्टा इथली बरीच निवृत्त मंडळी घराचं पाणी बंद करतात, नळांत उरलेलं पाणी काढून टाकतात आणि आरव्ही, म्हणजे राहायची सोय असलेली मोठी गाडी, दक्षिणेला वळवतात. त्यांना तिकडे 'स्नोबर्ड' म्हणतात. शब्द गोंडस असला तरी त्याचा इतिहास तसा नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, थंडीपुरती खाण्याची आणि छपराची सोय व्हावी म्हणून अमेरिकी सैन्यात भरती होणाऱ्यांना हे नाव होतं. मग ते हिवाळ्यात कामासाठी दक्षिणेत उतरणाऱ्या मजुरांना लागलं. पेन्शनरांच्या वाट्याला ते त्यानंतर आलं.

उबेसाठी कुठे जायचं, हा प्रश्न हवामानाचा वाटतो. पण गेल्या शंभर वर्षांत फ्लोरिडा, टेक्सासचं दक्षिण टोक आणि ॲरिझोनाचं वाळवंट हीच नावं पुन्हा पुन्हा पुढे आली, त्यामागे थर्मामीटरपेक्षा दोन गोष्टींचा हात मोठा आहे: रस्ता कुठे नेतो, आणि गाडी उभी केल्यावर कोण हाकलत नाही.

फ्लोरिडाची ऊब आधी फक्त श्रीमंतांची होती. हेन्री फ्लॅगलर या उद्योगपतीने 1888 मध्ये सेंट ऑगस्टीनला आलिशान हॉटेल उघडलं आणि 1896 मध्ये आपली रेल्वे मायामीपर्यंत नेली. रेल्वेचा डबा आणि हॉटेलची खोली दोन्ही परवडणाऱ्यांनीच तिथे हिवाळा काढायचा. हे मोडलं फोर्डच्या स्वस्त मोटारीने आणि डिक्सी हायवेने. कार्ल फिशर या उद्योजकाच्या पुढाकाराने 1915 च्या सुमारास आखलेल्या या रस्त्यांच्या जाळ्याने मध्य-पश्चिमेतली शेतकरी आणि दुकानदार मंडळी थेट मायामीशी जोडली.

ही माणसं हॉटेलात उतरणारी नव्हती. मोटारीला तंबू जोडायचा, पाठीमागे पेट्या बांधायच्या, डबाबंद अन्न गरम करून खायचं. 1919 मध्ये टॅम्पाच्या डी सोटो पार्कमध्ये त्यांनी 'टिन कॅन टुरिस्ट्स' ही संघटना काढली. ओळखीची खूण म्हणजे गाडीच्या रेडिएटरच्या टोपणावर बसवलेला पत्र्याचा डबा. स्थानिक लोक त्यांच्यावर विनोद करत: हे एक सदरा आणि एक नोट घेऊन येतात, मुक्कामभर ना सदरा बदलत, ना नोट मोडत. विनोदात जळफळाट होता, आणि पुढचं सगळं त्यातूनच घडलं. आधी ग्राहक मिळतील म्हणून गावांनी फुकट तळ उघडले. माणसं महिनोन्महिने राहू लागल्यावर पाणी, शौचालयं, कचरा यांचा हिशेब सुरू झाला, आणि फुकट तळांची जागा हळूहळू भाड्याच्या ट्रेलर पार्कांनी घेतली. आज फ्लोरिडात हिवाळ्यासाठी जागा शोधणाऱ्याला कित्येक महिने आधी बुकिंग करावं लागतं, त्याची मुळं त्या डब्यांपर्यंत जातात.

मधल्या काळात दोन सरकारी निर्णयांनी या स्थलांतराचा आकारच बदलला. 1935 च्या सोशल सिक्युरिटी कायद्यामुळे म्हातारपणी दरमहा पैसे हाती येऊ लागले. पहिला मासिक धनादेश जानेवारी 1940 चा. 1956 च्या कायद्याने आंतरराज्य महामार्ग आले; त्यांच्या नावातला 'आय' म्हणजे 'इंटरस्टेट'. या महामार्गांचा नकाशा समोर ठेवला की कोण कुठे जातं ते बरंचसं आपोआप उलगडतं. आय-75 मिशिगनमधून निघून फ्लोरिडात उतरतो, म्हणून मध्य-पश्चिमेची माणसं फ्लोरिडाच्या मेक्सिको आखाताकडच्या किनाऱ्यावर जास्त. आय-95 वरून न्यू इंग्लंड आणि क्विबेकची मंडळी अटलांटिक बाजूला. आय-35 मिनेसोटातल्या डलूथपासून टेक्सासच्या लारेडोपर्यंत जातो. आयोवा-मिनेसोटाचे शेतकरी त्याने उतरून रिओ ग्रांद खोऱ्यात, मॅकॅलन-हार्लिंजनच्या संत्र्या-ग्रेपफ्रूटच्या मुलखात तळ ठोकतात. तिथे त्यांना 'विंटर टेक्सन' म्हणतात. बाहेरच्याला आपल्या राज्याचं नाव लावून पाहुणा करून घेणं, हे टेक्सासलाच सुचावं.

ॲरिझोनाची गोष्ट निराळी, कारण तिथे जमीन सरकारची. क्वार्टझसाइट या गावाची कायम वस्ती अडीच हजारांच्या आसपास. आय-10 तिथून जातो, आणि कॅनडाच्या सीमेवरून मेक्सिकोच्या सीमेपर्यंत उतरणारा यूएस-95 सुद्धा. गावच्या दफनभूमीत दगडी पिरॅमिड आहे, माथ्यावर उंट. खाली हाजी अली विसावला आहे. 1856 मध्ये अमेरिकी सैन्याने वाळवंटात वाहतुकीसाठी उंट आणून पाहिले, तेव्हा त्यांच्याबरोबर आलेला हा उंटवाला. अमेरिकनांच्या जिभेवर त्याचा 'हाय जॉली' झाला. उंटांचा प्रयोग फसला. माणूस इथेच राहिला आणि 1902 मध्ये वारला. चाकावरच्या मुक्कामाची राजधानी ठरलेल्या गावाला याहून साजेसा पूर्वज मिळाला नसता.

1967 मध्ये गावाने खडक-रत्नांचं प्रदर्शन भरवायला सुरुवात केली. हौशी लोक गाडी घेऊन आले, भोवतालच्या मोकळ्या जमिनीवर उतरले आणि थंडी संपेपर्यंत हललेच नाहीत. अशी सरकारी जमीन सांभाळणाऱ्या केंद्र सरकारच्या भूव्यवस्थापन ब्युरोच्या जमिनीवर साधारणपणे 28 दिवसांत 14 दिवसांपेक्षा जास्त एका जागी राहता येत नाही. हजारो गाड्यांना दर पंधरवड्याला हुसकावण्यापेक्षा ब्युरोने 1983 मध्ये दीर्घ मुक्कामाची क्षेत्रंच आखून दिली. 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल हा हंगाम आणि कित्येक वर्षं त्याचा परवाना 180 डॉलर. म्हणजे सात महिन्यांचं भाडं 180 डॉलर! वीज आपली आपण, म्हणून छतावर सौर पॅनेल. ला पोसासारख्या क्षेत्रात पाणी आणि सांडपाणी ओतायची सोय मिळते, बाकी वाळवंट. कॅलिफोर्नियातल्या स्लॅब सिटीत तेवढंही नाही: दुसऱ्या महायुद्धातला लष्करी तळ पाडल्यावर उरलेले काँक्रीटचे चौथरे, आणि त्यांवर उभ्या गाड्या.

निवडीत दातांचाही वाटा आहे. ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्यात, म्हणजे मूळ मेडिकेअरमध्ये, दातांचा नेहमीचा खर्च बसत नाही, आणि ॲरिझोनातल्या युमाच्या पलीकडे मेक्सिकोतलं लोस अल्गोदोनेस हे गाव दंतवैद्यांच्या पाट्यांनी भरलेलं आहे. सकाळी चालत सीमा ओलांडायची, कवळी बसवून दुपारी गाडीत परत.

नवखे लोक एका गोष्टीत हमखास फसतात. त्यांना वाटतं, दक्षिण म्हणजे ऊब. फ्लॅगस्टाफही ॲरिझोनातच आहे, पण सुमारे 2,100 मीटर उंचीवर. तिथे बर्फ पडतो. क्वार्टझसाइट 270 मीटरवर आहे आणि जानेवारीची दुपार सुखाची असते. रात्री मात्र निफाडच्या हिवाळ्याची आठवण यावी. आरव्हीत हा फरक घरापेक्षा जास्त जाणवतो, कारण पाण्याची नळी बाहेर उघड्यावर असते आणि ती गोठली की फुटते. फेब्रुवारी 2021 च्या शीतलहरीने रिओ ग्रांद खोऱ्यालाही हे दाखवलं.

त्याच हिवाळ्यात कॅनडावाल्यांपुढे वेगळीच अडचण होती. ओंटारिओत 12 महिन्यांत 212 दिवसांपर्यंत बाहेर राहिलं तरी सरकारी आरोग्यविमा टिकतो, म्हणून त्यांचं वेळापत्रक एरवीही बोटांवर मोजलेलं असतं. कोविडमुळे मार्च 2020 मध्येच अनावश्यक प्रवासासाठी जमिनीवरची सीमाच बंद झाली; विमानाने मात्र जाता येत होतं. काहींनी स्वतः विमानाने जाऊन गाडी वाहतूकदाराकरवी पलीकडे मागवली. कित्येकांनी व्हँकूव्हर बेटावर, पावसात, दिवस काढले. 8 नोव्हेंबर 2021 ला अमेरिकेने लस घेतलेल्यांसाठी नाके उघडले, तेव्हा पहाटेपासून रांगेत आरव्ही उभ्या होत्या.