हनुक्का माहीत नसलेले ज्यू : कोकणातल्या बेने इस्राएलांची पार्श्वभूमी

दिवेकर, पेणकर, रोहेकर, किहीमकर, अष्टमकर. आडनावं वाचून वाटेल अलिबाग-रोह्याकडची नेहमीची मंडळी, आणि आहेतच ती, फक्त धर्माने ज्यू. बेने इस्राएल म्हणतात त्यांना. ज्यू धर्म समजून घ्यायचा तर लोक एकदम जेरुसलेमपासून सुरुवात करतात, पण मला वाटतं आपल्याला कोकणातून शिरलेलं जास्त सोपं पडतं, कारण या लोकांनी काय पाळलं आणि काय त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही हे बघितलं की त्या धर्माचे थर आपोआप सुटे होतात.

परंपरा अशी सांगते की इ.स.पू. १७५ च्या आसपास गॅलिलीकडून, म्हणजे आजच्या इस्राएलच्या उत्तर भागातून, पळालेल्या लोकांचं जहाज नवगावजवळ फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांना तिथेच पुरलं, आणि पोथ्यापुराणं सगळी समुद्रात गेली. सगळे अभ्यासक हे मानत नाहीत, कोणी म्हणतं त्याच्याही आधी आले, कोणी म्हणतं खूप नंतर येमेन किंवा इराणकडून आले. ते काही असो, हे लोक गावोगाव तेलाचे घाणे चालवायला लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायला लागले. हाच तो शब्बाथ, शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत काम नाही.

पोथी नाही, रब्बी म्हणजे धर्मगुरू नाही, हिब्रू विसरलेली, तरी काही गोष्टी टिकल्या. मुलाची आठव्या दिवशी सुंता. आणि एक प्रार्थना, शेमा, म्हणजे "ऐक इस्राएला, परमेश्वर आपला देव आहे, परमेश्वर एकच आहे". सुंता असो, लग्न असो की मयत, तीच एक म्हणायची. खरं तर ज्यू श्रद्धेचा गाभा तेवढाच आहे, देव एक, त्याला मूर्ती नाही, आणि त्याने ज्यूंचा मूळपुरुष अब्राहाम याच्या वंशाशी करार केलाय. तिसरी गोष्ट जेवणाची. दाविद राहाबी नावाचा बाहेरचा ज्यू कोकणात आला आणि हे लोक खरंच आपले का हे बघायला त्याने बायकांना सगळी मिसळलेली मासळी रांधायला दिली, तर त्यांनी खवले आणि पर असलेले मासे तेवढे घेतले, बाकीचे बाजूला काढले, अशी कथा आहे. म्हणजे कोळंबी, चिंबोरी, मुशी, पाकट बाद. तोराह या मूळ धर्मग्रंथातला नियम अगदी हाच आहे.

आता सण. पंचांग चंद्राचं पण आपल्यासारखाच अधिक महिना घालतात, १९ वर्षांत ७ वेळा, त्यामुळे सण ऋतू सोडून पळत नाहीत. वर्षाचा पहिला दिवस, रोश हशाना, तो इथे नव्याचा सण. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी खिरीचा सण, नव्या धान्याची नारळाच्या रसात खीर करायची, ऊद जाळायचा, शेमा म्हणायची आणि मग खायची, हा बाकी जगातल्या ज्यूंकडे या रूपात नाही. मग योम किप्पूर, पापांच्या क्षमेचा कडक उपास, त्याचं नाव दारफाळणीचा सण, कारण पांढरे कपडे घालून दारं लावून दिवसभर घरात बसायचं, कोणाशी संबंध नाही. दुसऱ्या दिवशी शिळा सण, दानधर्म आणि भेटीगाठी. पुरीम, म्हणजे इराणी दरबारातल्या कटातून ज्यू वाचले त्याचा सण, होळीच्या सुमाराला येतो म्हणून होळीचा सण. इजिप्तच्या गुलामीतून सुटल्याची आठवण म्हणजे पेसाह, त्यात आंबवलेलं काही चालत नाही, तर इथे घरातलं आंबटाचं मडकं झाकून ठेवायचे, म्हणून अनाशी ढाकायचा सण. आणि अव महिन्याच्या नवमीला जेरुसलेमचं मंदिर पडल्याचा शोक, उपास सोडताना केळीच्या पानावर वालाचं बिरडं, म्हणून बिरड्याचा सण!

या यादीत हनुक्का नाही. इ.स.पू. १६४ मध्ये मक्काबी या ज्यू बंडखोरांनी जेरुसलेमचं मंदिर परत ताब्यात घेऊन शुद्ध केलं त्याचा तो सण, आणि जुनी तारीख मानणारे म्हणतात बघा, आमचे पूर्वज त्याआधीच निघाले होते. युक्तिवाद छान आहे, पण मला तो पुरता पटत नाही, छोटा सण विसरला जाऊ शकतोच की. पुरीम आणि बिरड्याचा सण मुळापासूनचे की मागून आलेल्या शिक्षकांनी शिकवलेले, यावरही वाद आहेत.

जे नव्हतं त्यात सगळ्यात मोठं तालमूद. तोराह म्हणजे मोशेचे पाच ग्रंथ, त्यात संदेष्ट्यांचे, म्हणजे देवाचा निरोप सांगणाऱ्यांचे, ग्रंथ आणि इतर लेखन धरून तनाख, २४ ग्रंथांचा. पण इ.स. ७० मध्ये रोमनांनी दुसरं मंदिर पाडलं, बळी द्यायची जागाच गेली, आणि धर्म पुरोहितांकडून रब्बींच्या हातात आला. त्यांची तोंडी चाललेली चर्चा साधारण २०० मध्ये मिश्ना म्हणून नीट लावली गेली, तिच्यावरचा काथ्याकूट म्हणजे बाबिलोनी तालमूद, साधारण ५०० च्या सुमाराचं. लग्न, घटस्फोट, वारसा, सगळं तिथे. कोकणात यातलं काहीच पोचलं नव्हतं. त्याऐवजी इथे मलिदा होता, पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, फळं, एलियाहू हन्नाबीच्या नावाने. रथातून स्वर्गात गेलेला हा संदेष्टा अलिबागजवळ खंडाळ्याला येऊन गेला असं मानतात, खडकावर रथाच्या खुणा दाखवतात, अजूनही लोक नवस फेडायला जातात.

राहाबी नेमका कधीचा यावर एकमत नाही, पण त्याने झिराडकर, राजपूरकर, शापूरकर घराण्यांतले तिघे काजी, म्हणजे धर्मविधी करणारे, तयार केले असं सांगतात. १७९६ मध्ये सॅम्युएल दिवेकरांनी मुंबईत मांडवीला पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बांधलं, शाआर हारहामीम, टिपूच्या कैदेतून सुटल्याचा नवस म्हणून. लोक सिनेगॉगला मशीदच म्हणायचे, मस्जिद स्टेशनचं नाव यावरूनच पडलं म्हणतात. पुढचं जरा गमतीचं आहे, हिब्रू शिकवली ती जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने, १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण काढून. धर्मांतर फारसं कोणी केलं नाही, उलट सगळे पक्के ज्यू झाले. १८७४ मध्ये पुण्यात पेसाहची हग्गादा, म्हणजे त्या रात्री वाचायची पोथी, हिब्रू-मराठीत छापली, तिच्या चित्रांत लुगडं नेसलेल्या बायका बिनखमिराची भाकरी, मात्झा, करतायत.

१९४८ च्या सुमाराला हे लोक साधारण २० हजार होते, मग बहुतेक इस्राएलला गेले. आणि तिथे तालमूदचा तो न पोचलेला थर आडवा आला. १९६० च्या दशकात तिथल्या मुख्य रब्बींच्या यंत्रणेने यांच्या लग्नाआधी पिढ्यान्‌पिढ्यांची चौकशी लावली, कारण काय तर तुमच्या पूर्वजांचे घटस्फोट आमच्या कायद्याने झाले असतील कशावरून. कोकणातून आलेली ही साधी माणसं जेरुसलेममध्ये धरणं धरून बसली. ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या संसदेने, क्नेसेटने, ठराव केला की बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यू आहेत, आणि मग त्या नियमातून त्यांचं नाव काढलं. चौकशीचा नियम मात्र राहिला, "ज्यांच्याबद्दल शंका असेल" त्या सगळ्यांसाठी म्हणून.