बिअर गेम: खेळ संपल्यावर सुरू होणारा नेतृत्वाचा तास

अमेरिकेतल्या एमआयटीच्या स्लोन मॅनेजमेंट स्कूलमध्ये एमबीएला आलेल्या नव्या विद्यार्थ्यांना अगदी सुरुवातीलाच एक खेळ खेळायला बसवतात. नाव 'बिअर गेम'. टेबलावर एक लांब पट, त्यावर सोंगट्या आणि ऑर्डरच्या चिठ्ठ्या. एकेक सोंगटी म्हणजे बिअरची एकेक पेटी. हा खेळ साठच्या दशकापासून तिथे खेळला जातोय आणि आता जगभरच्या मॅनेजमेंट संस्थांमध्ये पोहोचलाय. नेतृत्व शिकवता येतं का, या जुन्या वादात मला सगळ्यात जास्त पटलेलं उत्तर या पटावर सापडतं.

नियम सोपे आहेत. चौघांची एक टीम आणि खालून वर चार जागा: दुकानदार, होलसेलर, डिस्ट्रिब्युटर आणि कारखाना. प्रत्येकाने दर आठवड्याला एकच निर्णय घ्यायचा, वरच्याकडे किती पेट्यांची ऑर्डर द्यायची. पेटी पडून राहिली तर आठवड्याला अर्धा डॉलर खर्च, मागणी असून माल देता आला नाही तर एक डॉलर. ऑर्डर वर पोहोचून माल खाली यायला तीन-चार आठवडे जातात. आपसात बोलायचं नाही. गिऱ्हाइकाची खरी मागणी फक्त दुकानदाराला कळते, तीही पालथ्या पत्त्यांच्या गठ्ठ्यातून, आठवड्याला एक पत्ता उलटून. प्रत्येक जण एकेक डॉलर लावतो आणि सगळ्यात कमी खर्च करणारी टीम सगळे पैसे घेऊन जाते.

सुरुवातीला प्रत्येकाकडे १२ पेट्या असतात आणि आठवड्याला ४ पेट्या सुरळीत येतात-जातात. पाचव्या आठवड्यात मागणी ८ होते. दुकानदाराकडे येतात ४, जातात ८. तीन आठवड्यांत त्याची फळी रिकामी. आता तो घाबरतो आणि मोठी ऑर्डर टाकतो. माल येत नाही, म्हणून पुढच्या आठवड्यात आणखी मोठी. आधीचा माल वाटेत आहे हे त्याच्या हिशेबातून निसटतं. होलसेलरला वाटतं, मागणीचा पूर आलाय. तो त्याहून मोठी ऑर्डर देतो. असं करत करत लाट कारखान्यापर्यंत चढते. काही आठवड्यांनी सगळा माल एकदम येऊन आदळतो, गोदामं तुंबतात आणि ऑर्डरी शून्यावर येतात.

एमआयटीचे जॉन स्टरमन यांनी १९८९ साली या खेळाच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. गिऱ्हाइकाची मागणी ८ च्या वर कधीच गेली नव्हती. पण ऑर्डरींची सर्वोच्च पातळी सरासरीने दुकानदाराकडे १५, होलसेलरकडे १९, डिस्ट्रिब्युटरकडे २७ आणि कारखान्यात ३२ पर्यंत चढली होती. टीमचा खर्च शक्य तेवढ्या कमी खर्चाच्या सुमारे दहापट झाला होता. खेळणाऱ्यांत विद्यार्थी होते, तसे कंपन्यांतले मुरलेले अधिकारीही होते.

खरी गंमत खेळ थांबल्यावर येते. दुकानदार सोडून बाकीच्यांना शिक्षक सांगतात, गिऱ्हाइकाची मागणी कशी बदलली असेल त्याचा आलेख काढा. बहुतेक जण चढ-उताराची मोठी लाट काढतात. मागणी वाढली, मग कोसळली, आम्ही काय करणार! मग पत्ते उलटे केले जातात: ४, ४, ४, ४, ८, ८, ८, ८... शेवटपर्यंत ८. एकच पायरी. लाट गिऱ्हाइकाने आणली नव्हती, टेबलाभोवती बसलेल्या चौघांनी मिळून केली होती.

गिझरचा नळ सोडल्यावर पाणी गार लागतं म्हणून आपण तो आणखी फिरवतो आणि मग हात भाजतो, तशीच ही चूक आहे. कृती आणि परिणाम यांच्यात वेळ गेला की केलेली कृती माणूस विसरतो आणि पुन्हा तीच करतो. हुशारी कमी पडते असं नाही, समोर जे दिसतं त्यालाच मन धरून बसतं.

हे फक्त पटावर घडत नाही. या खेळामागचा विचार एमआयटीच्या जे फॉरेस्टर (Jay Forrester) यांचा; ते मूळचे विद्युत अभियंते. संगणकाच्या मॅग्नेटिक कोअर मेमरीवरचं त्यांचं काम प्रसिद्ध आहे. १९५६ मध्ये ते मॅनेजमेंट स्कूलकडे वळले. जनरल इलेक्ट्रिकच्या केंटकीतल्या घरगुती उपकरणांच्या कारखान्यांत तेव्हा एक कोडं होतं: कधी तीन-चार पाळ्यांत काम, तर काही वर्षांनी निम्म्या कामगारांना घरी बसवायची वेळ. बाजारातल्या तेजी-मंदीला दोष देऊन अधिकाऱ्यांचं समाधान होत नव्हतं. फॉरेस्टर यांनी नोकरभरती आणि साठ्याचे नियम विचारून घेतले आणि वहीत पेन्सिलीने आठवड्यामागून आठवडा हिशेब मांडला. बाहेरची मागणी स्थिर धरली तरी कामगारांची संख्या हेलकावे खात होती. कारण कंपनीच्या स्वतःच्या नियमांत होतं. प्रॉक्टर अँड गॅम्बलला पॅम्पर्सच्या बाबतीत हेच दिसलं. बाळांना डायपर लागतात ते जवळपास एकाच गतीने, दुकानांतली विक्रीही फारशी हलत नव्हती, पण वितरकांच्या ऑर्डरी मात्र जोरात वर-खाली होत होत्या.

कामावरून कमी झालेला केंटकीतला कामगार आणि खेळात डिस्ट्रिब्युटरवर चिडलेला विद्यार्थी, दोघांच्या गोष्टीचा गाभा एकच आहे. म्हणून मला हा नेतृत्वाचा धडा वाटतो. आपल्याकडे नेतृत्वविकास म्हटलं की भाषणकौशल्य, देहबोली, आत्मविश्वास यांवर भर असतो. तेही हवं. पण हाताखालची माणसं सतत चुकताहेत असं दिसत असताना 'यात माझ्या निर्णयाचा वाटा किती?' हे विचारायची सवय व्याख्यानातून लागत नाही. आपणच केलेला घोळ आकड्यांत समोर यावा लागतो.

त्यावर नीट बोलावंही लागतं. मिशिगन विद्यापीठाचे स्कॉट डीरू आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १७३ जणांचा नऊ महिने मागोवा घेतला होता. चार वेगवेगळ्या अनुभवांनंतर ज्यांनी ठरावीक पद्धतीने उजळणी केली, म्हणजे काय घडलं, मी काय केलं, दुसरं काय करता आलं असतं हे तपासलं, त्यांच्यात नेतृत्वगुण अधिक वाढलेले दिसले. त्याआधी, २००५ मध्ये, शमुएल एलिस आणि इनबार डेव्हिडी यांनी इस्रायली सैनिकांच्या दिशाशोधनाच्या सरावात पाहिलं होतं की फक्त अपयशाची चिकित्सा करणाऱ्यांपेक्षा यश आणि अपयश दोन्ही तपासणारे जास्त सुधारले. आपल्याकडे प्रोजेक्ट चांगला झाला की टाळ्या वाजवून विषय मिटतो. तिथेच शिकायची संधी जाते.

आपल्या एमबीए कॉलेजांना यासाठी महागडी लॅब लागत नाही. कार्डबोर्डचा पट, सोंगट्या, चिठ्ठ्या आणि मोकळी दुपार पुरे. खेळाला दिला तेवढाच वेळ चर्चेला ठेवा आणि शक्य असेल तर दुसरी फेरी घ्या, त्यात प्रत्येकाला सगळ्यांचा शिल्लक माल दिसू द्या. रॅचेल क्रोसन आणि कॅरेन डोनोह्यू यांच्या २००६ च्या प्रयोगांत अशी माहिती मिळाल्यावर लाट कमी झाली आणि फायदा जास्त झाला तो साखळीत वर बसलेल्यांना. पण ती पूर्ण थांबली नाही, ग्राहकांच्या मागणीचा साचा आधीच सांगितला तरीही. दोन्ही फेऱ्यांचे आलेख भिंतीवर शेजारी शेजारी लावा आणि उरलेली लाट कुठून आली, हे मुलांनाच शोधू द्या.