पॉलिमर क्लेची डिश

पॉलिमर क्लेची डिश म्हणजे पीव्हीसी प्लास्टिकच्या रंगीत लगद्यातून हाताने घडवून घरच्या ओव्हनमध्ये भाजलेली छोटी शोभेची ताटली. अंगठ्या, टिकल्या, कानातले ठेवायला वापरतात. बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या मराठी घरांत ती बहुतेक भेट म्हणूनच बनते, भाऊबीजेला नाहीतर संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून, आणि उत्तरायणाचं शहर असल्यामुळे त्या दिवसांत पतंगाची नक्षी हमखास.

नावात क्ले असलं तरी यात माती अजिबात नसते. पीव्हीसीची बारीक पूड, तिला मऊ ठेवणारं प्लास्टिसायझर आणि रंग. उष्णता लागली की प्लास्टिसायझर पुडीच्या कणांत मुरतं आणि कण एकमेकांना धरून एकसंध होतात. म्हणजे हे वाळणं नव्हे. हवेवर वाळणारी क्ले किंवा फेव्हिकॉल-कॉर्नफ्लोअरची घरगुती क्ले वेगळी, दुकानात सगळ्यालाच क्ले म्हणतात म्हणून घोटाळा होतो. सयाजीराव विद्यापीठाची फाइन आर्ट्स फॅकल्टी १९५० पासून असल्याने भट्टीतली सिरॅमिक भांडी बडोदेकरांना नवी नाहीत, पण टेराकोटाला साधारण ९०० ते १००० अंश सेल्सियस लागतात आणि याला ११० ते १३०, म्हणून तर घरचा ओटीजी, म्हणजे छोटा विजेचा ओव्हन, पुरतो.

उगमाबद्दल मतं वेगवेगळी आहेत. बॅकेलाइट या जुन्या प्लास्टिकला पर्याय म्हणून निघालेला असा एक लगदा १९३९ च्या सुमारास जर्मनीत बाहुल्या बनवणाऱ्या केट क्रूझ यांच्याकडे आला, कारखान्यात तो जमला नाही म्हणून त्यांनी तो मुलगी सोफी हिला दिला, जिला घरी फिफी म्हणत. पुढे १९६४ च्या आसपास तो एबरहार्ड फाबर कंपनीकडे गेला आणि फिमो म्हणून बाजारात आला. यातलं 'फि' फिफीचं हे सगळेच मानतात. 'मो' मात्र कुणी मॉडेलिंगचा लावतात, कुणी मोझाइकचा. सुरुवातीला हा लगदा मोझाइकच्या कामासाठी विकला जायचा असं सांगतात, ते धरलं तर दुसरी फोड जास्त पटते. स्कल्पी हा अशाच क्लेचा अमेरिकेतला ब्रँड, ते १९६० च्या दशकात वेगळ्याच वाटेने आलं: ट्रान्सफॉर्मरमधली उष्णता बाहेर नेण्यासाठी केलेला पदार्थ, त्या कामाला चालला नाही, मग घडवण्यासाठी वापरला गेला. त्यामुळे एकच जनक शोधण्यापेक्षा दोन स्वतंत्र उगम मानावेत हे बरं. रंगीत कांडीच्या चकत्या कापून फुलं काढायची मिलेफिओरी पद्धत तर या दोन्हींपेक्षा फार जुनी, ती व्हेनिसजवळच्या मुरानोच्या काचकामातून आली आणि तिचं मूळ रोमन काळापर्यंत नेतात.

कृती साधी आहे. क्ले भरपूर मळायची, चार-पाच मिलिमीटर जाडीची पोळी लाटायची, हवेचा फुगा दिसला की सुईने टोचायचा. वर पिंपळाचं पान ठेवून लाटणं एकदाच दाबून फिरवावं. पान देठाकडून हळू उचललं की शीर न शीर उमटलेली दिसते, आणि वर्ख किंवा सोनेरी पूड त्या शिरांत बोटाने घासली की फार सुंदर दिसतं. मग ओव्हनमध्ये चालणाऱ्या काचेच्या वाटीत बसवून भाजायची नि वाटीतच गार होऊ द्यायची, नाहीतर कडा वाकतात. तापमान आणि वेळ पाकिटावरचीच पाळावी, पण ओटीजीच्या डायलवर विसंबू नये, आत वेगळा थर्मामीटर ठेवावा. क्ले जळली तर हायड्रोजन क्लोराइडचा वायू निघतो, तो डोळ्यांना आणि घशाला झोंबतो. मे महिन्यात बडोद्याच्या उन्हात कच्ची क्ले हाताला चिकटते, तेव्हा ती घट्ट गुंडाळून फ्रीजमध्ये. चमक यावी म्हणून नेलपॉलिश लावू नये, काही दिवसांनी डिश चिकट होते. वॉटर-बेस्ड वॉर्निश चालतं.

ही डिश खाण्यासाठी नाही, हे वाण देतानाच सांगावं. तिळगूळ किंवा हलवा द्यायचा तर पुडीत बांधून वेगळा. क्लेचं पोळपाट-लाटणंही स्वयंपाकाचं नको, वेगळं ठेवावं.